26 जानेवारीची पूजा आणि रात्रीचा गजर

वरळीच्या बीडीडी चाळींत 26 जानेवारी म्हणजे सत्यनारायणाची महापूजा. झेंडावंदन, कथा, आरती, हळदीकुंकू हे सगळीकडे होतं तसंच आमच्या मंडळातही होतं, त्याचं वेगळं काय सांगायचं? सांगण्यासारखी गोष्ट सुरू होते संध्याकाळी, दोन चाळींमधल्या पटांगणात डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सवाल-जवाबाच्या सामन्याचं, स्टेज उभं राहिलं की.

त्याआधी प्रसाद. सव्वापाच किलो रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, 15-16 लिटर दूध आणि दोन डझन पिकलेली केळी. एवढ्यात चारशेच्या वर द्रोण भरतात. रवा मंद आचेवर पाऊण तास तरी परतावा लागतो. केळी तुपातच, रव्याबरोबर. दूध उकळतं हवं. गार ओतलं की गुठळ्या झाल्याच. आणि रवा पुरता फुलल्याशिवाय साखरेला हात लावायचा नाही. घाईने आधी घातली तर रवा आतून कच्चा राहतो आणि मग कितीही वाफ द्या, तो दाताखाली येतोच. तळमजल्यावरच्या काकू कढईजवळ असल्या की साखरेचा डबा त्यांच्याच ताब्यात असतो, ते बरंच आहे.

भजनाला 24 बाय 12 फुटांचं स्टेज लागतं. दोन बुवा, दोघांचे पखवाजवाले, झांजवाले, चकी हे तालवाद्य वाजवणारा, कोरस, म्हणजे एकेका बाजूला दहा-बारा माणसं. त्याहून लहान बांधलं की झांजवाल्याचं कोपर पखवाजवाल्याला लागतं. साऊंडवाल्याला दरवर्षी तेच सांगावं लागतं: बॉक्स गाणाऱ्यांच्या पुढे ठेव, मागे नको. मागे ठेवले की माइक शिट्टी मारतो. आणि एको कमी कर, शब्द कळू देत. डबलबारीत शब्द कळले नाहीत तर सवाल कसला आणि जवाब कसला!

पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक दुसऱ्या मजल्यावरून येते. ती घट्ट चालत नाही, सैलही चालत नाही. जानेवारीच्या कोरड्या हवेत ती लवकर सुकते, आवाज चढतो आणि बुवा मान वळवून बघायला लागतात. म्हणून जास्तीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून स्टेजमागे ठेवलेला असतो.

नमन, रुपावली (देवाच्या रूपाचं वर्णन), अभंग. इथवर मंडळी कुजबुजत, चहा पीत ऐकतात. मग गजर. ओळ एकच, चार-पाच शब्दांची. बुवा ती आधी अगदी सावकाश म्हणतात, कोरस उचलतो. पखवाज आधी नुसता मागे चालत असतो, मग एका थापेसरशी पुढे येतो. लय चढते, चकी बोलू लागते, आणि ऐन रंगात बुवा पेटीवरचा हात उचलून गप्प बसतात. ओळ आता पटांगणाची झालेली असते. सगळ्या मजल्यांच्या खिडक्या टाळ्या धरतात. गिरणीची पाळी करून आलेल्या पिढीतले जे थोडे उरलेत, ते पहिल्या रांगेत डोळे मिटून ताल देतात. सवाल-जवाबात कोण जिंकलं यावर आठवडाभर भांडणं होतात, पण लोक येतात ते या दहा मिनिटांसाठी.

आणि नेमकी हीच दहा मिनिटं कापली जातात. लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद करावा लागतो. बक्षीस समारंभ 6 चा, पाहुणे येतात सव्वासातला. मग नारळ, शाल, दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार (ते हवेतच), पाहुण्यांचं भाषण (ते एवढं लांब नको). दुसऱ्या बुवांच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास उरतो. सत्कार दुपारी हळदीकुंकवाआधी उरकावेत, असं सभेत दरवर्षी ठरतं.

नव्या इमारतींतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या आता मिळू लागल्यात. कुणी नव्या घरात गेलं, कुणी संक्रमण शिबिरात, कुणी त्याआधीच डोंबिवली-विरारला. लांब राहणाऱ्यांबद्दल तक्रार नाही, ते मुलाबाळांना घेऊन येतात. पण समोरच राहणारे द्रोण घेतात आणि भजनाला खुर्च्या रिकाम्या दिसतात, हे खटकतं.

आभार राहायला नकोत: कढईवर पहाटेपासून उभ्या असलेल्या काकू आणि त्यांच्या दोन्ही सुना, कणीक देणाऱ्या मावशी, केळीचे खांब दादरहून टॅक्सीच्या टपावर बांधून आणणारी मुलं, विजेची जोडणी देणारे तळमजल्याचे दादा, पावतीपुस्तक घेऊन तिन्ही मजले चढणाऱ्या मुली, चौरंग आणि समई देणारं घर, खुर्च्या मोजून घेणारे आणि रात्री साडेअकराला मोजून परत देणारे आजोबा, पटांगण झाडणारे सफाई कामगार, बुवांच्या मंडळींना घरी जेवू घालणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, पूजेला बसलेलं जोडपं, भटजी. हो, आणि चहावाला. त्याने साखर कमी घातली तरी चहा वेळेवर दिला. कुणाचं नाव राहिलं असेल तर कार्यालयात येऊन हक्काने सांगा, अहवालात घालू. द्रोण घेऊन साडेसातला पसार झालेल्यांनी मात्र येऊ नये.