आमची वाटचाल : स्नेअरचा हरवलेला घुमारा

स्टुडिओ सुरू केला तेव्हा गिटार, गळा, बास सगळं आम्हाला नीट जमायचं. अडायचं ते स्नेअरपाशी, म्हणजे ड्रमसेटमधल्या, खाली वायर ताणलेल्या ड्रमपाशी. खोलीत उभं राहून ऐकलं तर ड्रम भरदार, आणि स्पीकरमधून नुसतं ‘टक्’. एका बँडने याच कारणाने दोन गाण्यांनंतर काम थांबवलं आणि उरलेली गाणी दुसरीकडे नेली. त्यांचं चुकलं नव्हतं.

तोवर आमचे उपाय सगळे नंतरचे होते. ईक्वलायझरवर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमीजास्त करायचं साधन) २०० हर्ट्झ वाढवायचे, आवाजातला चढउतार आवरणारा कंप्रेसर दाबायचा, काहीच नाही जमलं तर तयार सँपल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला ठोका, खाली मिसळायचं. सँपलने आवाज जाड व्हायचा, पण प्रत्येक ठोका सारखाच. ड्रमरने मधे हलकेच भरलेले घोस्ट नोट्स त्यात बुडून जायचे. मला ते कधीच पटलं नाही. वाजवणाऱ्याचा हातच पुसला जातो.

आठवडाभर नवं काम घेतलं नाही. मी आणि माझा भागीदार आळीपाळीने ड्रमवर बसलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की स्नेअरजवळचा माइक एकटा ऐकला तर आवाज ठीक आहे. ओव्हरहेडचा, म्हणजे ड्रमसेटच्या वर टांगलेल्या माइकचा, फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर केला की आवाजाचं अंग गळून पडतं. टेप घेऊन मोजलं. ओव्हरहेड स्नेअरपासून ८५ सेंटिमीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० हर्ट्झची लहर सुमारे १.७ मीटर लांब. तिचं अर्ध म्हणजे हेच ८५ सेंटिमीटर! आमच्या स्नेअरचा मूळ स्वर नेमका तिथेच होता. एक माइक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता आणि दोघांत घुमारा मरत होता. जवळच्या माइकच्या पोलॅरिटीचं, म्हणजे लहर उलटी करायचं, बटण दाबलं आणि खोलीतला ड्रम स्पीकरमध्ये आला. आम्ही तो ठोका किती वेळा ऐकला असेल, सांगता येत नाही.

त्या दिवसापासून एक सुतळी कायम ड्रमच्या पेटीत असते. तिचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरून दोन्ही ओव्हरहेड सारख्याच अंतरावर लावतो, म्हणजे स्नेअर दोन्हीकडे एकाच क्षणी पोचतो. स्नेअरच्या खाली लावलेल्या माइकचंही गणित तेव्हाच उलगडलं. काठी पडली की वरचं हेड (ड्रमचा ताणलेला पडदा) स्नेअरजवळच्या वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालचं हेड खालच्या माइककडे येतं. म्हणून त्या दोघांपैकी एकाची पोलॅरिटी उलटी हवी. वरची आधीच उलटली असेल तर खालच्याला हात लावायचा नाही.

पुढचा बदल आमच्या कामाच्या पद्धतीतच झाला. ड्रम लावायला लागणारा वेळ आम्ही बँडच्या तासांत धरत नाही. घाई झाली की ट्युनिंगच आधी कापलं जातं, आणि बेसूर हेडला कुठलाही माइक वाचवत नाही. प्रत्येक लगजवळ, म्हणजे हेड आवळायच्या स्क्रूजवळ, बोटाने टिचकी मारून स्वर जुळवायचा, खालचं पातळ हेड वरच्यापेक्षा ताठ ठेवायचं, खालच्या हेडवरच्या वायर फार आवळायच्या नाहीत. आवळल्या की ड्रमचा श्वास कोंडतो. सेटमधला दुसरा ड्रम, टॉम, वाजल्यावर वायर थोड्या खरखरल्या तर खरखरू द्याव्यात, असं माझं मत आहे. हेडवर टेप चिकटवून सगळा घुमारा बंद केलेला ड्रम एकटा ऐकायला स्वच्छ वाटतो, पण गिटार सुरू झाली की नाहीसा होतो.

वरचा माइक रिमपासून (ड्रमच्या कडेपासून) तीन-चार बोटं वर, तोंड मध्याकडे, पाठ हायहॅटकडे, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांकडे. अजून जवळ नेला तर खर्ज वाढतो, पण हेडची एकच जागा ऐकू येते.

पुढे उंच छताची खोली घेतली. ओव्हरहेड वर गेले, अंतरं बदलली, पोलॅरिटी पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागली. सध्या संथ गाण्यांसाठी खालचा माइक काढून, खोलीतल्या एका लांबच्या माइकवर वायरची सळसळ कितपत मिळते ते बघतोय.