एकच्या जागी भोक

जानेवारीतली दुसरी घटक चाचणी. अकरावी सायन्स, गणित, २५ गुण. एका प्रश्नात तीन फंक्शन्स (एक आकडा घातला की एक किंमत देणारी सूत्रं) दिली होती आणि प्रत्येक इव्हन (सम), ऑड (विषम) की दोन्ही नाही (नीदर) ते ठरवायचं होतं. तिसरं फंक्शन दोन गुणांचं: (क्ष³ − क्ष²) ÷ (क्ष − १). वर्गात फळ्यावर आम्ही इंग्रजी अक्षरच लिहितो, पण मी स्वतः मराठी शाळेत 'क्ष'वर वाढलो, म्हणून इथे क्ष.

हा प्रश्न मी मुद्दाम काढला होता. अकरावीच्या मुलांना एक सवय लागते, घातांक बघून निकाल द्यायची. ३ दिसला की ऑड, २ दिसला की इव्हन. यात मुलांचा दोष कमी आणि नावाचा जास्त. ऑयलरने १७४८ साली छापलेल्या ग्रंथात ही नावं आहेत आणि ती घातांकांवरूनच आली आहेत. क्ष², क्ष⁴ यांत क्षच्या जागी −क्ष घातला तरी किंमत बदलत नाही, म्हणून ती सम. क्ष³, क्ष⁵ यांत किंमत तीच राहते, फक्त चिन्ह उलटतं, म्हणून ती विषम. पण क्ष³ + १ घ्या. २ घातले तर ९ येतात, −२ घातले तर −७. सारखेही नाहीत, उलटेही नाहीत. तो एकटा १ म्हणजे क्षचा शून्यावा घात, आणि शून्य सम. सम आणि विषम एकत्र आले की फंक्शन कुठल्याच गटात बसत नाही. पूर्ण संख्या एक तर सम असते नाही तर विषम. फंक्शन्सचं तसं नाही, बहुतेक फंक्शन्स दोन्ही नसतात. हे मुलांच्या गळी उतरवायला मला दरवर्षी आठवडा लागतो.

तर माझ्या प्रश्नात वर ३ होता आणि तो फसवा होता. अंशातून क्ष² कॉमन काढला की क्ष²(क्ष − १), छेद निघून जातो, उरतो क्ष². उत्तर इव्हन. माझ्या उत्तरसूचीत हेच होतं. ६८ पेपर दोन रात्रींत तपासले. अर्ध्याहून जास्त मुलांनी घातांक बघून ऑड लिहिलं होतं, बऱ्याच जणांनी नीट सोडवून इव्हन. एकीने लिहिलं होतं 'नीदर', आणि खाली एक ओळ: '−१ ला किंमत १, १ ला किंमत नाही.' मी त्यावर लाल फुली मारली आणि शून्य दिला. ती खालची ओळ मी वाचलीच नव्हती. रात्रीचा एक वाजला होता, नीदर शब्द दिसला आणि हात चालला.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. तालुक्याच्या गावातलं आमचं ज्युनिअर कॉलेज, निम्मी मुलं एसटीने येतात. ही त्यांतलीच. वर्षभरात स्वतःहून एक प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

"सर, मार्क नको. माझं चुकलं कुठं तेवढं सांगा."

मी तिच्याच पेपरच्या मागे लिहायला घेतलं. क्षच्या जागी −क्ष घालू. वर −क्ष³ − क्ष², खाली −क्ष − १. दोन्हीकडचं उणे काढलं की (क्ष³ + क्ष²) ÷ (क्ष + १). अंशात क्ष²(क्ष + १), कट. उरला क्ष². बघ, तेच आलं.

तिने माझ्या कट केलेल्या कंसावर बोट ठेवलं. "सर, इथं काटलं तेव्हा क्षची किंमत मायनस एक नाही असं धरलं ना? आणि आधीच्यात काटलं तेव्हा एक नाही असं धरलं. मग दोन्ही तेच कसं?"

मी पेन खाली ठेवलं. कट करायच्या आधीच्या दोन ओळी कागदावर एकाखाली एक होत्या. वरचीत १ घालता येत नाही, शून्याने भागावं लागतं. खालचीत −१ घालता येत नाही. मूळ फंक्शनला −१ दिला तर वर −२, खाली −२, उत्तर १. व्यवस्थित किंमत. १ दिला तर काहीच नाही. डोमेन म्हणजे फंक्शनमध्ये घालता येणारे सगळे आकडे. व्याख्या सांगते की डोमेनमधल्या प्रत्येक क्षसाठी −क्ष डोमेनमध्ये हवा आणि दोन्हीकडची किंमत सारखी हवी. −१ डोमेनमध्ये आहे, १ नाही. फंक्शन इव्हन नाही, ऑडही नाही. मुलगी बरोबर होती आणि उत्तरसूची चूक होती.

शेजारी फिजिक्सच्या मॅडम डबा खात होत्या. त्या म्हणाल्या, "सर, एका बिंदूने काय बिघडतं? आम्ही तर अशी भोकं भरूनच टाकतो." त्यांच्या विषयात ते चालतही असेल. पण मी वर्गात व्याख्या लिहिताना 'प्रत्येक' या शब्दाखाली दोनदा रेघ मारतो, मग एक बिंदू सोडून द्यायचा अधिकार मला कुठून आला? मी २ घालून बघितलं होतं, ४ आलं. −२ घातले, ४ आलं. जुळलं, म्हणून पुढे गेलो. तिने नेमका तो एकच आकडा तपासला जिथे जुळत नव्हतं.

पुढचा तास माझाच होता. शिकवायचं दुसरं होतं, ते बाजूला ठेवलं. प्रत्येकाला आलेखाचा कागद घ्यायला सांगितला, त्यावर क्ष²चा पॅराबोला, म्हणजे वाटीसारखा वक्र. मग कर्कटकाच्या टोकाने (१, १) या बिंदूवर भोक पाडायला लावलं. आता कागद उभ्या अक्षावर दुमडा आणि खिडकीकडे धरा. दुपारचं ऊन होतं. दोन्ही फांद्या एकमेकींवर बसल्या, पण भोकामागे कोरा न फुटलेला कागद. उजेड आरपार येईना. मला वाटतं, वर्गातल्या प्रत्येकाला ते तेव्हाच कळलं, मी काही बोलायच्या आधी. मी फक्त फळ्यावरच्या आलेखात (१, १) ला पोकळ गोल काढला आणि सांगितलं की या प्रश्नाचं बरोबर उत्तर नीदर आहे, उत्तरसूचीत चूक होती, आणि ती चूक तुमच्याच वर्गातल्या एकीने दाखवली. ती खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत राहिली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मायनस एकलापण भोक पाडलं तर?"

याची तयारी मी केली नव्हती. म्हटलं, पाड. त्याने दुमडलेल्या कागदातूनच टोक आरपार घातलं आणि वर धरलं. उजेडाचा ठिपका सरळ त्याच्या गालावर पडला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं सूत्र शोधलं. १ आणि −१ दोन्हीला शून्य होईल असा छेद हवा, म्हणजे क्ष² − १. अंश क्ष⁴ − क्ष². (क्ष⁴ − क्ष²) ÷ (क्ष² − १). यात दोन बिंदू नाहीत, आणि तरी फंक्शन इव्हन. एक भोक पडलं तर सममिती मोडते, दुसरं पाडलं की परत येते. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे असं शेजारीशेजारी ठेवून मी कधी बघितलं नव्हतं. ऑडसाठी दुमडणं चालत नाही, कागद आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवावा लागतो. तेही क्ष³वर करून बघितलं, पण घंटा झाली.

संध्याकाळी बारावीच्या वह्या काढल्या. −अ ते अ मर्यादांमधलं इंटिग्रेशन (म्हणजे ढोबळपणे आलेख आणि आडव्या अक्षामधलं क्षेत्रफळ, अक्षाखालचं उणे धरून) असेल आणि फंक्शन ऑड असेल तर उत्तर शून्य, हा गुणधर्म मुलांचा लाडका आहे. अर्धं पान वाचतं. सरावात मी एकदा −१ ते १ मध्ये १ ÷ क्ष दिलं होतं. फंक्शन ऑड आहे, यात शंका नाही. पण ते शून्याला नाहीच, आणि शून्याजवळ असं उसळतं की तो इंटिग्रल अस्तित्वातच नाही. सात वह्यांत उत्तर शून्य होतं. डोमेन न बघता पुढे जाण्याची हीच खोड. आणि मी अकरावीत उत्तरसूचीमधून तीच शिकवत होतो.

गुणांचं काय करायचं यावर रात्री बराच विचार केला. तिला दोन पैकी दोन दिले आणि फुलीशेजारी सही केली. ज्यांनी इव्हन लिहून दोन गुण मिळवले होते त्यांचे काढले नाहीत, कारण आधी डोमेन लिहा ही सूचना मी त्यांना शिकवताना दिलीच नव्हती. मात्र त्या प्रत्येकाच्या पेपरवर कट केलेल्या कंसाशेजारी 'क्ष ≠ १' लिहिलं. ऑड लिहिणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी तासाला तो प्रश्न पुन्हा सोडवायला दिला, या वेळी पहिली ओळ डोमेनची.

प्रश्न माझ्या फाइलीतून काढलेला नाही. फक्त त्याखाली त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचं फंक्शन जोडलं आहे, आणि गुण दोनाचे चार केले आहेत.