गिटची नोंदवही: दोन ‘ऱ्या’ आणि पहिला मर्ज

गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यावर माझी पहिली पुल रिक्वेस्ट (माझे बदल घ्या अशी विनंती) मर्ज झाली, म्हणजे मूळ प्रकल्पात सामील झाली! टिपणं ठेवायच्या एका छोट्या ॲपचं मराठी भाषांतर, पीओ फाइलमधल्या (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं ठेवणारी फाइल) मोजक्याच ओळी. कोडचं एक अक्षरही नाही, पण फोर्क आणि क्लोन (प्रकल्पाची आपली प्रत काढणं), ब्रांच (बदलांसाठी वेगळी फांदी), कमिट (बदलांची नोंद), पुश (ती वर पाठवणं) हा सगळा रस्ता त्यातच पायाखालून गेला. कोड येत नाही म्हणून थांबलेल्यांनी भाषांतरापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘ऱ्या’ने. ‘दुसऱ्या पानावर’ ही ओळ नव्याने टाइप केली, तर गिट डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींतला फरक दाखवणारी आज्ञा) ती बदललेली दिसली. वर लाल, खाली हिरवी, आणि डोळ्यांना दोन्ही अगदी सारख्या. हेक्सडम्प (फाइलमधले बाइट आकड्यांत) काढल्यावर उलगडा झाला. जुन्या ओळीत साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि मग य; माझ्या ओळीत नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. पडद्यावर रूप एकच, पण गिट बाइट बघतं. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एक रूप देणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, म्हणजे साध्या सर्चला एक सापडतं आणि दुसरं निसटतं. मराठीसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

कोथरूडची मैत्रीण म्हणाली, “अरे, हे भाषांतरात मिसळून पाठवू नकोस. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल, त्याला दोन सारख्या ओळींतून काय कळणार?” मग गिट ॲड -पी (बदल तुकड्यातुकड्याने निवडायची आज्ञा) वापरून ‘ऱ्या’चे बदल वेगळ्या कमिटमध्ये घातले आणि संदेशात कारण नीट लिहिलं. हंक, म्हणजे बदलाचा तुकडा, मोठा आला की ‘एस’ दाबून फोडता येतो, मात्र मध्ये एखादी न बदललेली ओळ हवी.

आणखी एक: फाइलचं नाव देवनागरीत असेल तर गिट स्टेटस त्याजागी बॅकस्लॅश आणि आकडे दाखवतं. कोअर.क्वोटपाथ हे गिटचं सेटिंग फॉल्स केलं की नाव सरळ दिसतं.

आता लोहित फॉन्टकडे वळतोय. मूळचा आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, पुढे रेड हॅटने खुला केलेला, २०११पासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली. त्याची एसएफडी फाइल (फॉन्टचा मूळ आराखडा) साध्या मजकुराची असते, त्यामुळे अक्षराच्या वळणातला बदलही डिफमध्ये वाचता येतो. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज बसवून झालंय, फीचर फाइल (अक्षरं कशी जोडायची याचे नियम) वाचायला घेतलीय. कुणी आधी वाचली असेल तर कुठून सुरू करावं ते सांगा.