डाउनलोड २०० वरून २० वर, अपलोड मात्र फुल्ल: गच्चीवर सापडलं कारण

तर मंडळी, होम नेटवर्कचं अपडेट. कोल्हापुरातलं घरचं फायबर कनेक्शन २०० एमबीपीएसचं, वर-खाली सारखंच, आणि वर्षभर अगदी व्यवस्थित चाललेलं. दिवाळीच्या आधी अचानक डाउनलोड कोसळलं, एकच फाईल ओढली तर वीसच्या आसपास, स्पीड टेस्ट बऱ्याच कनेक्शनवर चालते म्हणून तिथे साठ-सत्तर दाखवायची, आणि अपलोड? १९५. एकदाही हललं नाही. मला खरा रस इथेच वाटला, कारण दोन्ही बाजू पडल्या असत्या तर शंभर कारणं निघाली असती, एकच बाजू पडते म्हणजे कुठेतरी काहीतरी फक्त येणाऱ्या डेटाला नडतंय.

घरातलं आधी क्लिअर करून टाकलं. वायफाय बाजूला, लॅपटॉप थेट केबलने राउटरला. लिंक १००० फुल डुप्लेक्स (म्हणजे दोन्ही दिशांना एकाच वेळी १००० एमबीपीएस) दाखवत होती. हे बघायलाच हवं, कारण केबलमधली एखादी जोडी तुटली की लिंक गपचूप १०० वर येते, गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात. पण त्या केसमध्ये आकडा ९४ च्या आसपास अडकतो आणि दोन्ही बाजूंनी अडकतो, माझं तसं नव्हतं. मग रास्पबेरी पाय (माझा छोटा कम्प्युटर) आणि लॅपटॉप यांच्यात आयपर्फ३ हे स्पीड मोजायचं टूल चालवलं, ९४० मिळाले, म्हणजे स्विच, केबल, पोर्ट सगळं निर्दोष. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर आहे, तिथे एसक्यूएम (लाईनवर डेटाची रांग लागू नये म्हणून वेग आवरणारी सोय) बंद करून बघितलं, सीपीयू निवांत होता, काही फरक नाही.

पुढचा संशय गर्दीचा. जीपीओएनमध्ये, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या पद्धतीत, खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस कंपनीकडच्या एका पोर्टवरच्या सगळ्या घरांत वाटले जातात, तेव्हा रात्री नऊला सगळे बघत बसले की स्पीड पडू शकतो. पण गर्दी असेल तर पहाटे सुटका व्हायला पाहिजे ना. पहाटे पाचला उठून टेस्ट केली, तेच वीस.

मग जो प्रयोग केला तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. साधा पिंग (पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघायची चाचणी) लावला, ५६ बाइटचा, तासभर चालू ठेवला, एखाददुसरं पॅकेट हरवलं, म्हणजे नसल्यासारखंच. तोच पिंग १४०० बाइटचा केला आणि लॉस, म्हणजे पॅकेट हरवणं, लगेच दिसायला लागलं. गर्दीमुळे पॅकेट पडतात तेव्हा लहान-मोठं असा भेद सहसा एवढा दिसत नाही. पण लाईनवर बिट बिघडत असतील तर मोठ्या पॅकेटमध्ये बिघडायला बिट जास्त, म्हणून तेच जास्त मरतं. इथेच मला पक्कं कळलं की प्रॉब्लेम फिजिकल आहे, सेटिंग चाळत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या खात्रीसाठी मुंबईतल्या माझ्या छोट्या सर्व्हरवरून यूडीपी टेस्ट केली (यात हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही, म्हणून लॉस सरळ दिसतो), १०० एमबीपीएसने. घरातून तिकडे पाठवताना लॉस शून्य, रिव्हर्स मोडमध्ये तिकडून घरी येताना दरवेळी लॉस.

कोणी म्हणेल एवढ्याशा लॉसने दोनशेचे वीस कसे होतील. होतात. टीसीपी म्हणजे डाउनलोडचा वेग सांभाळणारा नियम, पॅकेट हरवलं की तो वेग कमी करतो. जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा ढोबळ हिशोब असा, की स्पीड लॉसच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात चालतो. २० मिलिसेकंद लेटन्सी (पॅकेटला जाऊन यायला लागणारा वेळ) आणि हजारात एक पॅकेट पडतंय एवढं धरलं तरी एका कनेक्शनला जेमतेम २२ एमबीपीएस निघतात. माझ्या आकड्याशी हे इतकं जुळलं की कागदावर बघताना छान वाटलं. आणि स्पीड टेस्ट साठ का दाखवायची तेही यातूनच समजतं, अनेक कनेक्शन आपापलं थोडं थोडं ओढतात आणि बेरीज मोठी दिसते. म्हणून फक्त स्पीड टेस्टवर विसंबू नका, एका कनेक्शनचा आकडा वेगळा बघा.

आता ओएनटीचं, म्हणजे फायबर जिथे येतं त्या घरातल्या डब्याचं, पान उघडलं. आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे २८.३ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). माझ्या जुन्या नोंदीत उणे १९.६ आहे. ३ डीबी कमी म्हणजे प्रकाश अर्धा, म्हणजे जवळपास ९ डीबी म्हणजे आठवा हिस्साच उरला. बी प्लस क्लासच्या (हा एक दर्जा) ओएनटीची मर्यादा उणे २७ असते, आपण तिच्याही खाली, म्हणजे लिंक टिकून होती हेच खूप. एफईसीचा (येताना बिघडलेले बिट दुरुस्त करणारी सोय) दुरुस्त न झालेल्या एररचा काउंटर दर रिफ्रेशला वाढत होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं कनेक्शन त्याच स्प्लिटरवरचं (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा तुकडा), त्यांच्याकडे जाऊन बघितलं तर उणे १९.८. म्हणजे स्प्लिटरपर्यंत सगळं ठीक, दुखणं स्प्लिटर ते माझं घर एवढ्याच तुकड्यात.

आणि अपलोड का वाचलं? खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा. फायबर जिथे घट्ट वाकतं तिथे जास्त तरंगलांबीचा प्रकाश आधी आणि जास्त बाहेर गळतो. शिवाय कनेक्शनवाल्यांच्या ओएलटीचा (त्यांच्या टोकाचं यंत्र) रिसीव्हर बऱ्याचदा आपल्या ओएनटीपेक्षा आणखी कमी प्रकाशातही काम करतो. म्हणून एकाच वाकावर खालचं मेलं आणि वरचं निभावलं. हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य स्वतःच्या लाईनवर बघायला मिळणं म्हणजे या छंदाचं सगळं सुख आहे माझ्यासाठी.

कंप्लेंटवर आलेले लाईनमन दादा आधी लाल लेझर पेन लावून म्हणाले, लाल लाईट पोचतोय, लाईन क्लिअर आहे साहेब. तो लाल प्रकाश तुटलेलं फायबर शोधायला उत्तम, पण तो पोचला म्हणजे १४९० तेवढाच पोचतोय असं नाही. मी मोबाईलवर आकडे दाखवले तसे त्यांनी पॉवर मीटर काढला, १४९० वर सेट करून लावला, उणे २८. मग त्यांनीही मनापासून घेतलं. (मीटर नसेल तर कनेक्टर काढून आत डोकावू नका, हा प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला धोका असतो.)

गच्चीवर गेलो. सोसायटीचं रंगकाम चालू आहे, परांची बांधलेली. रंगारी लोकांनी मधे येणाऱ्या वायरी एकत्र करून सुतळीने बांबूला आवळल्या होत्या, आणि आमची काळी चपटी केबल दुमडून सुतळीखाली दाबली गेलेली, वाक जेमतेम अंगठ्याएवढा. मीटर माझ्या घरातल्या टोकाला लावून दादांना फोन चालू ठेवला, त्यांनी सुतळी सोडली आणि आकडा डोळ्यासमोर चढला, उणे २८, २५, २२, मग २१.४ वर थांबला. त्या चपट्या केबलला कायमची घडी पडली होती म्हणून तेवढा तुकडा कापून त्यांनी फायबरची टोकं पुन्हा जोडली (स्प्लाइस). आता उणे १९.९. रात्री मोठा पिंग तासभर चालवला, एकही पॅकेट गेलं नाही, डाउनलोड एका कनेक्शनवर १९० पार.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी सगळं बरं चाललेलं असतानाच ओएनटीचं पान उघडून आरएक्स पॉवर लिहून ठेवा. मला ते उणे १९.६ लिहिलेलं नसतं तर २८ चा आकडा वाईट आहे हे कळलं असतं, पण किती पडलंय ते कळलं नसतं.

रास्पबेरी पायवर आता दर दहा मिनिटांनी ओएनटीचं पान वाचून आरएक्स पॉवर, तापमान आणि एफईसी काउंटर फाईलमध्ये टाकणारी स्क्रिप्ट लावली आहे. उणे २४ च्या खाली गेलं की मोबाईलवर मेसेज. पान लॉगिन मागतं, त्यामुळे सेशन सांभाळायला जरा खटपट करावी लागली, कोणाला हवं असेल तर स्क्रिप्ट देतो. परांची अजून महिनाभर राहणार आहे, म्हणून केबल सैल गोल फिरवून वेलक्रोने भिंतीच्या क्लिपला अडकवली आणि रंगकामाच्या मुकादमांना दाखवून आलो की ही वायर दुमडायची नाही, बाजूला करायची तर मोठा वळसा देऊन करा. कायमसाठी तो तुकडा पीव्हीसी पाइपातून न्यायचा आहे, पाइप आणलाय, कोपऱ्यावर एल्बो न लावता मोठ्या गोलाईचा बेंड मिळतोय का ते बघतोय.