मराठी शिकणाऱ्यांचा ळ मशीनकडून तपासताना – माझा अनुभव

हिंदी भाषिकांच्या मराठी वर्गासाठी उच्चार तपासणारं छोटं टूल बनवलं, त्याबद्दल लिहितोय. आमच्याकडे मुख्य अडचण ळ ची, वेळ म्हणायला जातात आणि वेल येतं, मूळ चं मूल होतं, आणि वर्ग भरलेला असला की प्रत्येकाचं नीट ऐकून सांगायला मॅडमना वेळच मिळत नाही.

आधी साधं स्पीच टू टेक्स्ट लावून बघितलं. काही उपयोग नाही, ते आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, त्यामुळे माणूस "मला वेल नाही" म्हणाला तरी स्क्रीनवर वेळच येतं, आणि आपल्याला तर नेमकी चूकच पकडायचीय! मग केंब्रिजच्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० साली मांडलेली गुडनेस ऑफ प्रोनन्सिएशन ही पद्धत घेतली. यात वाक्य मशीनला आधीच दिलेलं असतं, मशीन रेकॉर्डिंगमध्ये कुठला ध्वनी कुठून कुठपर्यंत आहे ते आखतं आणि मग बघतं की इथे ळ बसतो की दुसरा कुठला ध्वनी जास्त चांगला बसतो. फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की लाल खूण.

मॉडेल कॉमन व्हॉइस या लोकांनी दिलेल्या आवाजांच्या खुल्या संग्रहातल्या मराठी रेकॉर्डिंगवर ट्रेन केलं. उच्चारांची यादी मात्र हातानेच करावी लागली, कारण चाक आणि चार मधला च लिहायला एकच पण बोलायला वेगळा.

खरा वेळ गेला मर्यादा ठरवण्यात. ती प्रत्येक ध्वनीला वेगळी लागते, कडक ठेवली की बरोबर बोलणाऱ्यालाही लाल खूण येते आणि नवीन माणूस तिथेच बोलायचा थांबतो, म्हणून माझ्या मते एखादी चूक सुटली तरी चालेल पण खोटी चूक दाखवू नये. शंका आली की प्राट या आवाजाचं विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचो, ळ ला जीभ मागे वळते त्यामुळे तिसरा फॉर्मंट (तोंडाच्या आकारामुळे आवाजात ठळक होणारी फ्रिक्वेन्सी) खाली येतो, ल ला तसं होत नाही.

विदर्भातल्या एका मैत्रिणीने ट्राय केलं तर तिच्या "डोया"ला लाल खूण आली. हे मला अजिबात पटलं नाही, वऱ्हाडीत ळ चा य होतो, तो तिच्या घरचा उच्चार आहे, चूक कसली? यादीत तो पर्यायही टाकला.

आता खात्री असेल तिथेच टूल खूण करतं, बाकीचं मॅडमना ऐकायला पाठवतं. पुढे ण आणि न घ्यायचाय, त्यासाठी हिंदी भाषिकांनी बोललेल्या मराठीचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल, बोलणाऱ्यांच्या परवानगीने, तर नक्की सांगा.