विहीरच का?

गोष्ट वाचून झाल्यावर मुलांना 'हिचे आशयसूत्र, म्हणजे मुळाशी असलेला विचार, काय?' असे विचारले, की ती बहुधा कथानकच पुन्हा सांगतात किंवा 'खोटे बोलू नये' असे ठरावीक तात्पर्य पुढे करतात (जे आपणच त्यांच्याकडून घोकून घेतलेले असते). म्हणून हल्ली मी एवढेच विचारते, की गोष्टीतली मुलगी शेवटी कशामुळे बदलली.

अलंकारांचेही तसेच. 'रिकामे घर विहिरीसारखे खोल वाटले' या वाक्यात घर हे उपमेय (ज्याची तुलना केली ते), विहीर हे उपमान (ज्याच्याशी केली ते), खोलपणा हा साधारण धर्म (दोहोंतला समान गुण) आणि 'सारखे' हा साधर्म्यवाचक शब्द, हे मुले चटकन ओळखतात; परंतु विहीरच का, दरी का नाही, असे विचारल्यावर एक मुलगा बराच वेळ थांबून म्हणाला, "विहिरीत हाक मारली, की आपलाच आवाज परत येतो." एकटेपणाचे सूत्र त्याला त्या उपमेतच सापडले होते.