कपाटामागची भिंत

घर पाहायला आम्हाला वीस मिनिटं मिळाली होती. जिन्यात पुढचं कुटुंब थांबलेलं, एजंट सारखा घड्याळ बघत होता. संध्याकाळपर्यंत इसार दिला नाही तर घर जाईल, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. आधीची दोन घरं आमच्या हातून अशीच गेली होती. रात्री ठरवलं, सकाळी फोन केला, तर विकली गेलेली. भाव महिन्यागणिक चढत होते. तिसऱ्या वेळी मी विचार केलाच नाही, पैसे देऊन मोकळी झाले.

आत शिरताच नव्या रंगाचा वास आला होता. घर किती जपलंय, असं वाटून मला बरंच वाटलं होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर निजायच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर मागची भिंत ओली, रंगाला फुगे आलेले, खाली पांढरा खार. बाकी घराचा रंग जुना आणि तेवढी एकच भिंत ताजी, हे मला त्या वीस मिनिटांत दिसलंही होतं. त्याचा अर्थ विचारायला हवा होता.

गवंड्याने छताला हातोडीच्या दांड्याने ठोकलं. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. आतली सळई गंजली होती. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. वरून गिलावा करून ते थांबत नाही. गच्चीतून झिरपणारं पाणी आधी बंद करावं लागतं, मग सळई साफ करून पुन्हा भरावं लागतं. आमची दोन वर्षांची बचत त्यात गेली.

त्याआधीच बँकेने एक धक्का दिला होता. ठरलेली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन, यांतला जो आकडा कमी असेल त्यावर कर्ज मिळतं. आमचं मूल्यांकन कमी आलं. चढत्या बाजारात हे सहज होतं, कारण मूल्यांकन होतं झालेल्या व्यवहारांवरून आणि आपण बोली लावतो ती पुढच्या भीतीवरून. इसार देऊन झालेला, माघार घेतली तर तो बुडणार. मधली रक्कम उभी करायला बाबांनी त्यांची ठेव मोडली. ते एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि मला अजून त्याचंच जास्त लागतं.

नंतर वाचताना ‘विजेत्याचा शाप’ ही कल्पना सापडली. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल उद्योगातल्या तिघा अभियंत्यांनी ती १९७१ मध्ये मांडली. तेलक्षेत्राच्या लिलावात प्रत्येक जण अंदाजाने बोली लावतो, आणि जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला असतो. वाचताना जिन्यातलं ते कुटुंब आठवलं.

कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही बचावलो. माझी मैत्रीण नाही बचावली. विकणाऱ्याच्या बहिणीचाही घरात हिस्सा होता आणि खरेदीखतावर तिची सहीच नव्हती. तो वाद अजून चालू आहे.

आता धाकटा भाऊ घर शोधतोय. काल फोनवर तो अगदी माझ्याच तेव्हाच्या आवाजात बोलत होता: “ताई, आजच द्यावा लागेल गं इसार.” मी म्हटलं, आधी लिहून घे. मूल्यांकन कमी आलं, बांधकामात किंवा कागदांत दोष निघाला, तर इसार परत. पाऊस पडून गेल्यावर एकदा जा, सोबत इंजिनिअर ने, सगळे नळ एकदम सोडून बघ. मालक ऐकणार नाही, म्हणाला. नाही ऐकला तर ते घर जाऊ दे, मी म्हटलं. भाव आणखी चढेल, हे मलाही माहीत आहे. तरी जाऊ दे.

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, मालकाला विचारून बघतो. मालक हो म्हणाला तर शनिवारी मीही जाणार आहे. कपाट जड आहे म्हणे, दोघं मिळून सरकवू.